नर्सबाईंना कोण नेणार?

मी बोलतेय ती कब्रस्तानाच्या वाटेवरची हातगाडी. शवपेटी वाहणारी. मला बघून लोक नजर चुकवतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

मला घडवलं दोघांनी. प्रोटेस्टंट सुताराने फळ्या जोडल्या, कॅथलिक लोहाराने चाकांना लोखंडी धावा चढवल्या. रस्त्याच्या एका टोकाला कॅथलिकांचं मोठं चर्च, दुसऱ्या टोकाला प्रोटेस्टंटांचं छोटं. कब्रस्तान मात्र एकच, टेकडीवर. चढ असा उभा की खांदेकऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून मी. पेटीतला माणूस कुठल्या चर्चचा, हे मला वजनावरून कधीच कळलं नाही.

मग एका शिंपिणीच्या दफनावरून बिनसलं. ती कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट. प्रार्थना कुणी करायची यावरून मोठ्या चर्चचे फादर आणि छोट्या चर्चचे पास्टर कबरीच्या काठावरच हमरीतुमरीवर आले. त्यानंतर माझ्या शेडला दोन कुलुपं लागली, दोन चर्चांची. सुतार आणि लोहार आपापल्या कमिटीत जाऊन बसले. अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

अशात नर्सबाई गेल्या. तीस वर्षं त्यांनी घरोघरी बाळंतपणं केली. रविवारी सकाळी मोठ्या चर्चला जायच्या, संध्याकाळी छोट्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "दोन्हीकडे माझीच बाळं बसलेली असतात. कुणाला सोडू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी शेडसमोरच्या लोहाराच्या भट्टीत आली. चेहरा सुकलेला, पदर ओला.

"काका, फादर म्हणतात, आई छोट्या चर्चची. पास्टर म्हणतात, तिच्या हातात जपमाळ असायची, ती मोठ्या चर्चची. किल्ली कुणीच देत नाही. आईभोवतीचा बर्फ वितळून चाललाय हो!"

लोहार मान खाली घालून म्हणाला, "कमिटीपुढे माझं काय चालणार, पोरी?"

"तुमच्या तिन्ही मुलांना पहिल्यांदा हातात कुणी घेतलं होतं, काका?"

लोहाराने हातातला चिमटा खाली ठेवला. तो तसाच उठला आणि सुताराच्या दारात गेला. थोड्या वेळाने दोघं पहार घेऊन माझ्यापाशी आले.

"माझ्या चर्चचं कुलूप माझ्या हातून तुटायचं नाही," लोहार म्हणाला.

"मग ते मी तोडतो," सुतार म्हणाला. "माझं तू तोड."

नर्सबाईंना माझ्यावर ठेवलं. ढकलायला दोन म्हातारे आणि एक मुलगी. खिडक्या उघडल्या, पुन्हा लागल्या. त्या खिडक्यांआडच्या कित्येकांचं पहिलं रडणं नर्सबाईंनी ऐकलं होतं. अर्ध्या चढावर मी मागे सरकू लागले. सुतार गुडघ्यांवर कोसळला. मुलीने धावत जाऊन चाकाखाली दगड दिला आणि ओरडली, "कुणीतरी या हो! अहो, माझी आई आहे ही!"

कुणीही आलं नाही. मला हात असते तर मीच मला ओढलं असतं.

कसे पोचलो, ते सांगवत नाही. कबर खोदणाऱ्याने खड्डा तयार ठेवला होता. चौघांनी मिळून पेटी खाली सोडली. फादर नव्हते, पास्टरही नव्हते. दोघा म्हाताऱ्यांनी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली. लोहाराच्या चर्चमध्ये ती एक ओळ आधी संपते. तो थांबला, पण 'आमेन' म्हणाला नाही. टोपी छातीशी धरून, सुताराची शेवटची ओळ होईपर्यंत गप्प उभा राहिला. मग दोघं एकदमच म्हणाले, "आमेन." मुलीचा आवाज मागून आला.

या गोष्टीला सहा महिने झाले. दोन्ही कमिट्यांनी दोघांनाही काढून टाकलं. दोन्ही कमिट्यांचं एकमत झालेला तेवढाच एक निर्णय. मी पुन्हा अंधारात आहे. माझ्या फळ्यांना भुंगा लागलाय. रात्रंदिवस त्याची कुरकुर ऐकते. पुढचा चढ मला झेपेल असं वाटत नाही.

तुम्ही मोठ्या चर्चचे असा, छोट्या चर्चचे असा, कळवळून सांगते: कुणाच्या घरात माणूस गेलं, तर आधी जाऊन खांदा द्या. कुठल्या चर्चचं होतं, ते टेकडीवरून उतरताना विचारा. तेव्हाही विचारावंसं वाटलंच तर.