धुराची बिअर

नवऱ्याच्या शर्टाला दुसऱ्या बाईच्या अत्तराचा वास आला असता, तर मी सरळ भांडले असते. तेवढं सगळ्या बायकांना येतं. पण धुराचा वास आला तर काय करायचं? सिगारेटचा नव्हे. लाकडाच्या धुराचा, तोही कुठल्याशा फळझाडाच्या लाकडाचा, गोडसर. दर रविवारी संध्याकाळी आधी तो वास घरात यायचा आणि मागून नवरा.

"कुठे होतास?"

"एका ठिकाणी कूलिंग बंद पडलं होतं."

नवरा थंड करायची यंत्रं दुरुस्त करतो. फ्रिज, शीतगृहं, बिअरच्या टाक्या. आता थंड यंत्रातून धूर कसा येतो, सांगा बरं! आणि ते नेमकं रविवारीच कसं बंद पडतं? मी जास्त खोदून विचारलं नाही, कारण मला पुरावा हवा होता. नाक हाच माझा धंदा आहे. पेपरात दर आठवड्याला बिअरवर लिहिते मी. लोक म्हणतात, माझी जीभ तिखट आहे. असू दे. नवरा हातचा चाललाय याची मला खात्री पटली होती आणि शेकोटी पेटवून त्याची वाट बघणारी बया मी मनात पक्की उभीही केली होती. सडपातळ, मोकळे केस, स्वयंपाकात शून्य.

मग एका शनिवारी दुपारी एका छोट्या ब्रुअरीने आम्हा लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना नव्या बिअर चाखायला बोलावलं. लांबलचक टेबल, पांढरे कागद, चूळ भरायला पाणी. माझ्या समोर नेमकी रेडिओवाली बसली होती. ती खाण्यापिण्याचा कार्यक्रम करते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, गोलमटोल, केस पांढरे, आणि हसली की टेबल हलतं. तिला नळाचं पाणी दिलंत तरी "वा, काय चव आहे!" म्हणेल. लोकांना ती फार आवडते. मला मुळीच नाही.

पहिल्या दोन बिअर बऱ्या होत्या. तिसरी आली, जवळजवळ काळी. ग्लास नाकाशी नेला आणि हात तिथंच थांबला. आमच्या घरच्या धुण्याच्या बादलीतला वास!

म्हणजे बया बिअर करते तर. सातूला मोड आणून तो लाकडाच्या धुरावर वाळवायचा आणि त्याची बिअर करायची, असलं खटाटोपाचं काम ती करते आणि माझा नवरा रविवारी तिच्याशेजारी बसून धूर खातो. चूक काढायचीच म्हणून मी मोठा घोट घेतला. पहिला घोट नुसता धूर. या बिअरचं असंच असतं, बरेच जण तिथंच ग्लास खाली ठेवतात. मीसुद्धा ठेवणार होते. पण राग आलेला असला की माणूस भराभर पितो. तिसऱ्या घोटाला जिभेला धुराची सवय झाली आणि मागचं सगळं हळूहळू पुढं आलं. भाजलेल्या पावाची कड, काळ्या मनुका, शेवटी जरासं कडू, आणि गळ्यापासून पोटापर्यंत ऊब. चांगली कडक होती, पण कुठं टोचत नव्हती. एकही चूक नव्हती हो! तळपायाची आग मस्तकात गेली. कागदावर लिहिलं, 'जळकी'. मग वाटलं, वाचणारे विचारतील, कोण? खोडून टाकलं.

"ही बिअर आमच्या कोणा तज्ज्ञाने नाही केली," मालक उभे राहून म्हणाले. "आमच्या टाक्यांचं कूलिंग बघतात ना, त्यांनी केली आहे. रविवारी, सुट्टीच्या दिवशी."

आणि मागच्या दारातून ॲप्रन घातलेला माझा नवरा आत आला. कान लालबुंद.

बया नव्हतीच! माझा जीव भांड्यात पडला. पण टाळ्या वाजत असताना त्याने सगळ्यात आधी कुणाकडे बघितलं? रेडिओवालीकडे. तिने मान डोलावली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, निकाल लागायच्या आधी मुलं बघतात तसं.

मी तिला बेसिनपाशी गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत? अगं, माझा फ्रिज दुरुस्त करायला आला होता, तेव्हापासून वर्षभर छळ केलाय माझा! काय काय पाजलंय त्याने मला! एक म्हणजे नुसती ओली राख. एकदा तर बाटलीच फुटली, माझ्या स्वयंपाकघराचं छत अजून चिकट आहे. हसून हसून मेलो आम्ही."

आम्ही. काय पण शब्द!

पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? सडपातळ बया परवडली असती. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. ही बाई त्याच्या फसलेल्या बिअर प्यायली होती, एकूण एक. आणि मला काय मिळालं? चांगली. जी टेबलावरच्या सगळ्यांना मिळाली तीच, पाहुण्यांच्या ग्लासात.

नवरा मागच्या अंगणात होता, धूर द्यायच्या पत्र्याच्या खोलीपाशी.

"माझ्याकडे का नाही आणलीस?"

"अगं, तू..." त्याने ॲप्रनला हात पुसले. कोरडेच होते. "तू पहिल्या घोटाला सांगतेस."

"खरं तेच सांगते!"

"हो ना. खरंच असतं ते. म्हणून तर. पहिली तुझ्याकडे आणली असती, तर दुसरी मी केलीच नसती."

मग काय खोटं बोलायला हवं होतं मी? या जिभेवर अर्धं घर चालतं आमचं! आणि आता लिहायचीही सोय राहिली नाही. नवऱ्याच्या बिअरवर बायकोने लिहिलं, तर पेपरवाले दारात उभं करणार नाहीत. म्हणजे बिअरचं कौतुकही रेडिओवालीच करणार. "वा, काय चव आहे!" आणि या खेपेला ते खरं असणार.

"फसलेली एखादी उरली आहे?" मी विचारलं.

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

तो कोठीतून एक बिनलेबलाची बाटली घेऊन आला. ग्लासात ओतली आणि समोर उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत. मी घोट घेतला. राख, आणि वर जिभेवर विरघळलेली औषधाची गोळी.

"भिकार," मी म्हटलं. निघूनच गेलं तोंडातून.

तो चक्क हसला. "तीही हेच म्हणाली होती. अगदी हाच शब्द."

"मग?"

"मग काय, हसलो दोघं. आणि पुढची करायला घेतली."

"आणि मी म्हटलं असतं तर?"

त्याचं हसू गेलं. बाटलीचं झाकण तो बोटांत फिरवत राहिला. मी ग्लास तोंडाला लावला, तळापर्यंत रिकामा केला आणि पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"अगं, राहू दे. नाही ना आवडली तुला."

"नाहीच आवडली. ओत."