हात वर, प्रेशर खाली

कोलकात्याच्या बालीगंजमधल्या एका पाचमजली इमारतीच्या गच्चीवर मास्क हनुवटीला अडकवून वीसेक म्हातारी माणसं जमली होती आणि नाडीनाथ महाराज एकेकाचं ब्लडप्रेशर मंत्राने उतरवून दाखवत होते. मशीनवर आकडा दिसत होता बरं का! मग शंकेला जागाच कुठे उरली?

विजयाबाई मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंचा नवराच, बँकेतून निवृत्त झालेले श्यामराव, तीन आठवडे महाराजांच्या आज्ञेने प्रेशरच्या गोळ्या सोडून बसला होता.

त्याला कारणही तसंच. कोरोनामुळे दवाखान्याची ओपीडी बंद होऊन आठ महिने झाले होते. डॉक्टर फोनवर भेटायचे, म्हणजे आधी धून, मग 'एक दाबा', मग पुन्हा धून. बंगळूरहून मुलगा सलील व्हिडिओवर 'बाबा, काळजी घ्या' म्हणायचा. ती कुठे मिळते, ते सांगत नसे. अशात हा गृहस्थ दारात आला आणि चक्क मराठीत म्हणाला, "काका, जेवलात का?" झालं! श्यामराव विरघळले. कोलकात्यात मराठी बोलणारा माणूस खोटं कसं बोलेल?

"काका, हात खाली सोडा. पाप निथळू द्या," महाराजांनी श्यामरावांच्या मनगटाला मशीन बांधलं. एकशे शहाण्णव! "आता हात वर, थेट आकाशाकडे. ॐ ह्रीं प्रेशर शांतम्!"

एकशे अठ्ठावीस. टाळ्याच टाळ्या.

"महाराज, आता माझं बघा," बाई पुढे झाल्या. "मंत्र राहू द्या, मी सतराचा पाढा म्हणते." हात खाली, एकशे बावन्न. हात वर, नव्वद. "आता तुम्ही मंत्र म्हणा, मी हात खाली सोडते." महाराज पुटपुटले आणि आकडा पुन्हा दीडशेवर गेला.

"श्रद्धा कमी पडली, माताजी."

"कसली श्रद्धा? मनगट हृदयाच्या खाली लोंबलं की रक्ताच्या भाराने आकडा फुगतो, वर नेलं की घटतो. खरं प्रेशर मनगट छातीच्या पातळीवर धरूनच कळतं."

महाराज मशीन काढायला धावले, पण बाईंनी ते सोडलं नाही. श्यामरावांना खुर्चीत बसवून पाच मिनिटं गप्प ठेवलं, हात छातीशी धरून मोजलं. एकशे चौसष्ट. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

श्यामरावांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, बरा झालो. पण विजया, त्याने निदान हात तरी हातात घेतला गं. आठ महिन्यांत कुणी घेतला होता?"

बाईंना भडभडून आलं. महाराजांचा राग होताच, बंद दवाखान्याचा त्याहून मोठा आला.

"अहो, घरी चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना गाठून गोळ्या विचारू," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "आणि संध्याकाळी सगळ्यांनी दवाखान्याला लिहायच्या पत्रावर सह्या करा. आठवड्यातून एकदा इथे डॉक्टर पाठवा म्हणावं. म्हातारे झालो म्हणून आपल्या दुखण्यांनी थांबायचं, असं कुठे लिहिलंय? डॉक्टर मागा, भांडून मागा. पण तो येत नाही म्हणून याला पत्करू नका."