बंद असतानाही वाहणारा

"बटण नीट दाबलं होतं का?" कारखान्याच्या मालकांनी विचारलं.

"अंगठा सुजेपर्यंत दाबलं," समोरची बाई म्हणाली. ती औषधांच्या शीतगोदामात खोकी लावायची. परवा दाराचं चुंबकी कुलूप आतून उघडलंच नाही आणि ती चाळीस मिनिटं त्या गारठ्यात अडकली. दार बडवून बडवून सोललेल्या बोटांना पट्ट्या होत्या. कुलपातलं सर्किटचं कार्ड ती स्वतःच घेऊन आली होती.

मीटरबाईंनी कार्ड उलटं केलं. मागे त्यांचाच शिक्का होता: तपासले. बावीस वर्षं त्या याच टेबलावर कार्डं तपासत होत्या. त्यांचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी नव्हतं.

त्यांनी वीज जोडली, बटण दाबलं. कुलूप धरून ठेवणारा रिले टक्‌ करून सुटला. पुन्हा दाबलं, पुन्हा सुटला.

"बघा," मालक म्हणाले. "कार्ड ठणठणीत आहे."

मीटरबाईंनी कार्ड तोंडाजवळ धरलं आणि चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा त्यावर श्वास सोडला. बटण दाबलं. टक्‌ झालं नाही. ट्रान्झिस्टर बंद, तरी मीटरवर नऊ मिलिअँपिअर. रिले धरून ठेवायला तेवढे पुरेसे होते.

मीटरबाई काय समजायचं ते समजल्या. सोल्डरचा डाग दिल्यावर उरलेला चिकटा दमट हवेत वीज झिरपू देतो. तो झिरपा ट्रान्झिस्टरच्या बेसला पोचला की शेकडो पटींनी वाढतो. त्याला जमिनीची वाट दाखवायला तिथे एक रेझिस्टर असायचा. तीन महिन्यांपूर्वी मालकांनी तो काढायला लावला. "त्याच्यावाचून अडतंय का काही?" तेव्हा खरंच काही अडत नव्हतं. अडेल, हे मीटरबाईंना कळत होतं. पण त्या मूग गिळून बसल्या. घरी नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. दुपारी तासभर घरी जाऊन त्याला भरवून यायची मुभा मालकांनी दिली होती. दुसरीकडे ती कोण देणार?

मालकांनी त्यांना खिडकीशी बोलावलं. "बसवणाऱ्याची चूक, असं लिहून टाका," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमची दुपारची अडचण मी सांभाळतोच ना? एवढं तुम्ही सांभाळा."

मीटरबाई टेबलाशी परत आल्या. पेन उघडलं.

"कार्डातच दोष आहे," त्या समोरच्या बाईला म्हणाल्या. "तीन महिन्यांतली सगळी कार्डं अशीच आहेत. आणि शिक्का माझा आहे."

आता ही आपल्याला बोल लावणार, असं त्यांना वाटलं. ती बाई पट्ट्यांकडे बघत राहिली.

"गोदामात सगळे म्हणतात, घाबरून भलतंच बटण दाबलं असशील," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हे कागदावर द्याल?"

मीटरबाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं, खाली सही केली.

पंधरवड्यात सगळी कार्डं परत मागवली गेली. मीटरबाईंची नोकरी टिकली, पण दुपारची मुभा गेली. "नियम सगळ्यांना सारखा," एवढंच मालक म्हणाले. दुसरीकडे विचारून पाहिलं. पन्नाशीच्या बाईला कुणी उभं केलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी नवऱ्याच्या डाव्या हाताशी स्टूल सरकवलं. त्यावर झाकलेली ताटली ठेवली, पाण्याचा पेला ठेवला.

"दुपारी येतेस ना?"

"आता संध्याकाळीच. पोचतो का हात?"

त्याने हात लांबवला. बोटं पेल्याला जेमतेम टेकली.

त्यांनी पेला बोटभर अलीकडे घेतला. "आता बघा."