सातव्या वळणावरचा सुटा टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि तोही शर्यतीच्या गाडीचा. तुम्हाला वाटेल, काय ऐट असेल! होती ना, एका दुपारपुरती. तेवढ्यात माझं तारुण्य झिजून गेलं. गाडी पहिली आली, लोकांनी चालकाला डोक्यावर घेतलं आणि मला कोपऱ्यात फेकलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

पुढे मला तिसऱ्या वळणावर आणलं. तिथे काँक्रीटच्या भिंतीपुढे जुन्या टायरांची रास होती. गाडी घसरली की मार आम्ही खायचा आणि आतल्या माणसाला वाचवायचं. हे काम मला मनापासून आवडलं. पण आम्हाला एकमेकांशी कुणी बांधलंच नव्हतं. आमच्यात पाणी साचायचं, डास व्हायचे. मुकादम अधूनमधून वरून पांढरा रंग फासायचा. झालं काम!

एका शर्यतीत एक तरुण चालक थेट आमच्यावर आला. बांधलेले असतो तर त्याला झेललं असतं हो! आम्ही कोंबड्यांसारखे चहूकडे उडालो आणि तो भिंतीवर आदळला. त्याची धाकटी बहीण कुंपण ओलांडून धावत आली. "दादा, डोळे उघड ना," म्हणत राहिली. त्याने ते उघडले नाहीत.

मोठी चौकशी झाली. नियम निघाला: तिसऱ्या वळणावरचे टायर पट्ट्याने घट्ट बांधावेत. तिथे नवे टायर आले, फोटो निघाले. आम्हाला उचलून सातव्या वळणावर रचलं. सुटेच!

ती बहीण आता स्वतः गाडी चालवते. आज सकाळी सगळे चालक पायी रस्ता बघायला निघाले, तेव्हा तिने आमच्या राशीला हात लावला. रास डुगडुगली.

"काका, हे बांधले नाहीत?"

"ताई, नियमात तिसरं वळण आहे," मुकादम म्हणाला. "सातव्याचं काही लिहिलं नाही."

"म्हणजे इथेही कुणीतरी जायला हवं?"

"असं अभद्र बोलू नये गं. शर्यत झाली की वर कळवतो."

ती तडक जाऊन गाडी ओढायचा जाड दोर घेऊन आली आणि गुडघे टेकून तिने आम्हाला एकेक करून आवळलं. तिचे तळवे सोलले. जाताना माझ्यावर थाप मारून म्हणाली, "आता धरून ठेवा रे." इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

चालक गाड्यांत बसल्यावर तपासणीचे साहेब आले.

"हा दोर कुणी बांधला? मंजुरी आहे का?"

"साहेब, राहू द्या ना. तिचा भाऊ..."

"नियमात बसत नाही. काढा."

मुकादमाने डोळे पुसले आणि दोर कापला.

इंजिनं सुरू झाली आहेत. तिला वाटतंय, आम्ही बांधलेले आहोत. ती या वळणावर निर्धास्त येणार. मित्रांनो, मला तोंड नाही. नियम पुढे कधी बदलायचे ते बदला, पण आधी कुणीतरी धावत जा आणि तिला सांगा हो!