काळं निकेल

बंदुकांच्या दुकानात तिला सगळे पारखीबाई म्हणत. कुणी जुनं रिव्हॉल्व्हर विकायला आणलं की मालक ते आधी तिच्यापुढे सरकवत. ती खिडकीजवळच्या टेबलाशी भिंग लावून बसली, की मालक चहासुद्धा फुरका न मारता पीत. पोलादाचा निळसर काळा रंग कारखान्यातला आहे, की कुणी घरी बाटलीतलं रसायन चोळलंय? निकेलचा पांढरा मुलामा खरंच जुना, की खालचे गंजाचे खड्डे झाकायला नंतर चढवलेला? ती वस्तू उजेडात तिरपी धरायची, नख फिरवायची आणि सांगून टाकायची. "हिच्यापुढे बंदुकीलासुद्धा वय चोरता येत नाही," असं मालक कौतुकाने म्हणत.

त्या दुपारी मालक मागच्या खोलीत जेवायला बसले होते. मफलर गुंडाळलेला एक माणूस आत आला आणि टॉवेलात बांधलेलं रिव्हॉल्व्हर त्याने टेबलावर ठेवलं.

"परवाना?" तिने विचारलं.

"आणतो ना. आधी नुसतं बघा तरी. बघायला काय जातंय?"

तिने सवयीने आधी चक्र उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याची खात्री केली, मग ते खिडकीकडे धरलं. काळं होतं, पण नेहमीचं काळं नव्हे. काचेवर काजळी धरावी तसं धुरकट, आणि जरा कललं की आतून जांभळट झाक मारणारं. काळं निकेल. दिव्यांच्या स्टँडला, दारांच्या मुठींना, नळांना देतात ते. इतक्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर असा मुलामा कुठल्याच कारखान्याने दिला नसता.

तिच्या घरच्या न्हाणीघरातला नळ नेमका याच रंगाचा होता. तिच्या धाकट्या भावाने, छोट्याने, स्वतःच्या कारखान्यात मुलामा देऊन आणून बसवलेला.

असा रंग काढणारे आणखीही असतील, असं तिने मनाला बजावलं आणि मुठीचा स्क्रू सैल करून लाकडी पट्ट्या काढल्या. आत, चौकटीच्या टोकाशी, मुलामा न चढलेले दोन बारीक ठिपके शेजारीशेजारी होते. वस्तू मुलाम्याच्या हौदात सोडताना इतर लोक एकच तार लावतात; ती टेकते तिथे मुलामा चढत नाही. छोट्या दोन लावायचा. एका तारेवर माल गिरकी घेतो आणि एका अंगाला पातळ राहतो, हे त्याने तिला कितीदा तरी ऐकवलं होतं. आणि जिथे नंबर कोरलेला असायचा, तिथली जागा गोट्यासारखी गुळगुळीत होती. कुणीतरी नंबर घासून काढला होता आणि तिच्या भावाने त्यावर पांघरूण घातलं होतं.

 तिने भिंग डोळ्याला तसंच लावून ठेवलं, म्हणजे चेहरा दिसायला नको.

"काय निघालं?" मफलरवाला टेबलावर वाकला. "नंतर केलेलं वाटतं का?"

खरं सांगावं तर काम फसलं म्हणून हा माणूस इथून थेट छोट्याच्या उरावर जाऊन बसणार. तिने पट्ट्या परत बसवल्या. स्क्रू एकदा निसटला.

"लक्ष कुठंय बाई तुमचं?"

"उपाशी आहे. जेवायची वेळ टळली." तिने स्क्रू घट्ट केला. "मूळचंच काम दिसतंय. खास मागणीवरून करून देत असतील. नंबर झिजलाय, वापरून वापरून होतं तसं."

 तो हसला, अगदी घरच्या माणसासारखा. "म्हणजे आता कुणालाही दाखवायला हरकत नाही. असे आणखी बरेच आहेत, बरं का." टॉवेलाची गाठ मारून तो गेला.

जेवण तसंच ठेवून ती भावाच्या कारखान्याकडे निघाली. रस्ताभर तिला मागे मफलर दिसत होता. वळून पाहिलं की कुणीतरी भलतंच निघे.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. दारातच ॲसिडचा वास नाकात शिरला. एरवी दोन कामगार असत, आज एकही नव्हता. हौदाजवळ स्टुलावर एक दांडगा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. छोट्या रबरी हातमोजे घालून उभा होता. त्याने वर पाहिलं. ताई आली की शेडच्या त्या टोकाहून ओरडणारा तिचा भाऊ सपाट आवाजात म्हणाला,

"बोला मॅडम. काय काम होतं?"

 स्टुलावरच्याने मान वर केली.

"तुमच्याकडून नळ नेला होता," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "त्याचा रंग आज उजेडात नीट पाहिला. काळ्याखाली भलतंच काहीतरी आहे."

"असेल मॅडम. माझ्या मनाने नाही दिला तो रंग. गिऱ्हाइकाची जबरदस्ती होती."

"मग आता काय करायचं?"

"प्लंबर बोलवा." छोट्याने हातमोजा ओढून घट्ट केला. "आजच बोलवा. उद्या सगळा माल बाहेर जाणार आहे, मग माझ्या हातात काही राहणार नाही. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला त्या नळाजवळ जाऊ देऊ नका."

लहान मूल म्हणजे छोट्याची मुलगी, तिची भाची. आत्या आली की पर्स तपासणारी.

"झालं का बोलून?" दांडग्याने विचारलं. "मालक, काम पडलंय."

ती बाहेर पडली. धावावंसं वाटत होतं, पण ती नळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईसारखी रमतगमत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून मात्र तिने पदर खोचला. शाळेत जाऊन भाचीला वर्गातून काढलं, भावजयीला फोन करून "काही विचारू नकोस, आहेस तशी शाळेपाशी ये" म्हटलं आणि दोघींना घेऊन पोलीस ठाण्यात शिरली. तिने सगळं सांगितलं. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "तुमच्या भावालाही पकडावं लागेल, कळतंय ना?"

"कळतंय. जिवंत पकडा म्हणजे झालं."

संध्याकाळी माल न्यायला मफलरवाला स्वतः आला आणि शेडमध्येच सापडला. झटापटीत ॲसिडचा डबा उलटून छोट्याचा पाय पोटरीपर्यंत भाजला. इस्पितळात, खाटेशी पोलीस बसलेला असताना, त्याने ताईचा हात धरला.

"त्यांनी पोरीचा फोटो दाखवला होता गं. शाळेच्या फाटकातला. मुलामा ओळखू येईल का, असं विचारलं तेव्हा मीच तुझं दुकान सुचवलं. मनात म्हटलं, तू तारांच्या खुणा ओळखशील."

"आणि मी खरं बोलून बसले असते तर, गाढवा?"

"तोच विचार करत होतो दिवसभर," तो म्हणाला आणि लहानपणी रडायचा तसा रडला.

पुढे त्याला जामीन मिळाला आणि तो मफलरवाल्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. भावजय अजूनही नणंदेशी मोजकंच बोलते. नवऱ्याला पोलिसांच्या हवाली केलं हे तिला पटतंही आणि पचतही नाही. पारखीबाई पुन्हा कामावर जाते. फक्त आता कुणी टॉवेलात गुंडाळलेलं काही घेऊन आलं, की गाठ सुटायच्या आत ती मालकांना हाक मारते, आणि ते ताटावर असले तरी उष्ट्या हाताने तसेच बाहेर येऊन तिच्या शेजारी उभे राहतात.