भिंगरीचं वजन

सकाळी साडेसहाला बॅडमिंटनच्या हॉलचं दार उघडायचं, आणि कुणी रॅकेटला हात लावण्याआधी मुली वजनकाट्यासमोर रांगेत उभ्या राहायच्या. बूट काढायचे, मोजे काढायचे, केसांतल्या पिनासुद्धा काढायच्या. त्यांना खेळ शिकवणारे सर आकडा मोठ्यानं वाचायचे, वर गॅलरीत बसलेल्या आयांनाही ऐकू जावा म्हणून. आकडा वाढला असेल तर "आलं बघा पोतं!" म्हणायचे आणि त्या पोरीला दिवसभर कोर्टाभोवती पळवायचे. मुली हसायच्या. आयाही हसायच्या. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही हो, एकीलाही नाही!

त्या आयांमध्ये शिवणकाम करणारी एक बाई होती. तिची मुलगी एकवीस वर्षांची, महिला एकेरीत देशात चौथी. कोर्टावर अशी गरगर फिरायची की घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. संघात पहिल्या तिघींना घेतात. म्हणजे एकच पायरी उरली होती. सरांचं म्हणणं ठरलेलं होतं: "अजून वजन उतरव. पाय आपोआप हलतील."

मग आईनं कंबर कसली. सकाळी दोन अंडी, दुपारी काकडी आणि दही, संध्याकाळी मूठभर भात. एकदा जेवताना भिंगरीनं ताटली पुढे केली.

"अजून एक चमचा दे ना गं."

"आणि उद्या काट्यावर काय सांगशील?" आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तू माझी आई आहेस की सरांची हेर?" भिंगरी हसत म्हणाली आणि ताटलीला चिकटलेली शितं बोटानं वेचून खाल्ली. आईलाही हसू आलं. पोर किती समजूतदार आहे, असं तिला वाटलं.

वर्षभरात तिनं भिंगरीच्या स्कर्टची कंबर चार वेळा आत घेतली आणि दर वेळी शेजारणीला कौतुकानं दाखवली. दुसऱ्या कुणाचा कपडा असा सैल होत गेला असता, तर हिनंच विचारलं असतं, "बाई गं, आजारी आहेस का?"

त्यातच भिंगरीची पाळी थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला. आई कॅलेंडरवरच्या तारखा पुन्हा पुन्हा मोजू लागली. पण सरांशी असलं बोलायचं कसं? पुरुष माणूस! शेवटी तिनं गॅलरीतल्या बायकांना विचारलं, तर त्या खो खो हसल्या.

"अहो, सुटली म्हणा की पोर! आमच्या तिघींच्या मुलींची कधीच गेली. ऐन सामन्यात कटकट नाही. शरीर खेळासाठी तयार झालं म्हणायचं."

आईचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिनं भिंगरीला चक्क शाबासकी दिली. काय म्हणावं अशा शहाणपणाला!

दीड वर्ष असंच गेलं. निवड स्पर्धेच्या उपान्त्य सामन्याच्या दिवशी सकाळी भिंगरी पलंगाच्या कडेला बसून राहिली.

"आई, जांघेत ठणकतंय. पाय टेकवत नाही गं."

"सरांना सांगितलंस?"

"ते म्हणतात, जिंकायची भीती वाटली की सगळ्यांचंच दुखतं."

आईनं तिच्या पायाशी बसून तिचे बूट घट्ट बांधले. "आजचा एक दिवस काढ, बाळा. मग आठवडाभर झोप."

तिसरा गेम सुरू होता, भिंगरी दोन गुणांनी पुढे. समोरचीनं जाळ्याजवळ शटल अलगद टाकलं. भिंगरीनं लांब पाऊल टाकून ते उचललं, गुणही मिळवला, आणि तिथेच कोसळली. कुणाचा धक्का नाही, घसरणं नाही. टाळ्या वाजत होत्या आणि ती ओरडत होती.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हिची पाळी शेवटची कधी आली होती?"

"दीड वर्ष होऊन गेलं. पण त्याचा काही त्रास नाही हं तिला," आई घाईघाईनं म्हणाली. "खेळणाऱ्या मुलींची जातेच ना."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला? पोटाला पुरेसं मिळालं नाही म्हणून थांबली ती. तेव्हापासून हाडं आतून पोकळ होत गेली. सत्तर वर्षांच्या बाईची बरी असतील. चालेल ती, पण स्पर्धेतलं खेळणं आता विसरा."

आईला थोबाडीत बसल्यासारखं झालं. ऑपरेशननंतर दुपारी परिचारिकेनं खाटेशी भात आणून ठेवला. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आई, खाऊ का?"

आई बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. सरांनी शांतपणे सांगितलं, "उपाशी ठेवा, असं मी कधी म्हटलं का, बाई? मी फक्त आकडा वाचत होतो. स्वयंपाकघर तुमचं होतं." एवढं बोलून त्यांनी हात झटकले आणि पुढच्या मुलीला हाक मारली. आईला चीड आली, आणि त्याहून मोठी चीड याची आली, की शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

पण ती घरी गेली नाही. आपली झाली तेवढी पुरे, दुसऱ्या कुणाच्या पोरीची अशी दशा होऊ द्यायची नाही, असं ठरवून ती गॅलरीत चढली. जुन्या ओळखीच्या बायकांनी तिला पाहून माना खाली घातल्या. कोपऱ्यात एक नवीन आई बसली होती. तिची चौदा वर्षांची मुलगी खाली सराव करत होती. भिंगरीची आई त्या बाईशेजारी बसली आणि लाजलज्जा गुंडाळून तिनं सगळं सांगितलं: थांबलेली पाळी, पोकळ हाडं, बांधलेले बूट. ऐकता ऐकता त्या बाईचे डोळे भरून आले. तिनं आईचा हात हातात घेतला.

मग इकडेतिकडे पाहून ती कानाशी आली.

"ताई, रागावू नका हं. पण तेव्हा तिला दिवसभरात नेमकं काय काय देत होतात खायला? आमचीचा आकडा हलतच नाही हो."

आणि आईला ते सगळं तोंडपाठ होतं.