पाच आकड्यांची सही

गिरीशने शनिवारी सकाळी टॅक्स रिटर्न ऑनलाइन भरलं आणि दुपारी ते परत आलं. या सोशल सिक्युरिटी नंबरवर २००७ चं रिटर्न आधीच भरलेलं आहे, म्हणे. आपलाच आकडा चुकला असेल म्हणून त्याने पुन्हा भरलं, ते पुन्हा परत. सोमवारी ऑफिसमधून टॅक्सवाल्यांना फोन लावला. बराच वेळ ताटकळल्यावर एका बाईने शांतपणे सांगितलं की कुणीतरी तुमच्या नावाने रिटर्न भरून रिफंड उचललाय. आता कागदावर भरा, शपथपत्र जोडा आणि वाट बघा.

रिफंड उशिरा मिळेल, याचं त्याला एवढं नव्हतं. डोक्यात किडा शिरला तो वेगळाच. घरून रिटर्न भरायचं तर सही म्हणून आपल्या मनाने पाच आकडे निवडायचे असतात. ते काय, चोरही निवडेल. पण आपण आपणच आहोत हे पटवायला गेल्या वर्षीच्या रिटर्नमधलं उत्पन्नही लिहावं लागतं, अगदी डॉलरपर्यंत. तो आकडा गिरीशशिवाय एकाच माणसाला ठाऊक होता.

संग्राम. पुण्यातल्या कॉलेजच्या होस्टेलपासूनचा रूममेट, आता अमेरिकेत चँडलरच्या अपार्टमेंटमधलाही. दरवर्षी दोघं एकाच टेबलावर टॅक्स भरायला बसत. एकाने पगाराचा फॉर्म मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाइप करायचं. दोघंही सडेफटिंग, एकमेकांपासून लपवायचं काय?

आता मात्र सगळंच दिसायला लागलं. संग्रामने नवा टीव्ही घेतला होता. फोन आला की तो बाल्कनीत जायचा. आणि यंदा बसू या का म्हटलं, तर "नंतर बघू यार" म्हणाला होता. गिरीश तसा सरळ माणूस, पण संग्राम आंघोळीला गेलेला असताना त्याने त्याचे ड्रॉवर उचकले. काहीच सापडलं नाही. यावर एखाद्याला हायसं वाटलं असतं. गिरीशला वाटलं, पक्का आहे, मागे काही ठेवलेलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने विचारलं. "संग्राम, माझं रिटर्न तू फाइल केलंस का?"

"तुझं? मी कशाला करू?" संग्राम हसला.

"गेल्या वर्षीचा आकडा तुलाच माहीत होता."

संग्रामला समजायला वेळ लागला. मग तो हसायचा थांबला. "तू सीरियस आहेस?"

 इथे गिरीश एक शब्द बोलला असता तरी निभावलं असतं. संग्रामने टीव्ही बंद केला, बॅग भरली आणि शेजारच्या टेंपी गावात रवी नावाच्या मित्राकडे राहायला गेला.

रविवारी नागपूरहून बाबांचा फोन आला. श्रीरंगराव बँकेतून रिटायर झालेले, आणि सध्या मुलाचं लग्न जमवणं हीच त्यांची नोकरी.

"एका स्थळाकडून होकार आलाय," ते खुशीत म्हणाले. "अमेरिकेतल्या मुलांवर हल्ली कुणी विश्वास ठेवत नाही रे. फसवतात ना. पुरावा मागतात. मग मी तुझं रिटर्नच लावून टाकलं बायोडेटाला."

"कुठलं रिटर्न?"

"गेल्या वर्षी तू फ्लॅटच्या कर्जासाठी ईमेल केलं होतंस ते. सगळी पानं. सूचक केंद्रातल्या फाइलला जोडलंय, कुणीही यावं आणि बघावं. आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना ईमेलही केलं. आपल्याला काय लपवायचंय?"

"बाबा, त्यावर माझा सोशल सिक्युरिटी नंबर होता, उत्पन्नाचा आकडाही."

"असू दे की. खोटा थोडाच आहे?"

गिरीशला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणत्या तोंडाने? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. फोन ठेवून तो तसाच गाडीत बसला आणि टेंपीला गेला.

दार संग्रामनेच उघडलं. गिरीशने सगळं सांगितलं, ड्रॉवर उचकल्याचंसुद्धा, आणि मान खाली घालून माफी मागितली. संग्राम ऐकत राहिला. बायोडेटाचं कळल्यावर तर त्याला हसू आवरेना.

"काका पण ना," तो म्हणाला. "सोड यार. तुझ्या जागी मी असतो तर माझंही डोकं फिरलंच असतं. बस, चहा घे. माझंही फाइल करायचं चाललंय, शेवटचंच पान राहिलंय."

गिरीश हायसं वाटून नेहमीसारखी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. पडद्यावर पाच रिकाम्या चौकोनांची ओळ होती. संग्रामची बोटं कीबोर्डवर आली आणि थांबली.

"गिऱ्या," तो म्हणाला, आवाजात जराही राग नव्हता, "जरा तिकडे बघतोस?"

गिरीशने खिडकीकडे तोंड फिरवलं.